बिनफटीचं खुराडं

६ नोव्हेंबर, शनिवार

खुराडं पूर्ण झालं. आठ फूट बाय सहा. भिंतीत साडेतीन इंच ग्लासवूल, छपरात सहा इंच, खिडकीला दुपदरी काच, दाराला दुहेरी फोमची पट्टी. सव्वीस वर्षं मी लोकांच्या घरांच्या फटी बुजवत आलो आहे. सुपीरियर सरोवरावरून येणारा वारा घरात कुठून घुसणार हे मला वाऱ्याच्या आधी कळतं. माझी बायको लिनेट म्हणते हे वाक्य मी महिन्यातून चारदा बोलतो. तीनदा असेल.

शेवटी दाराच्या कडेकडेनं पेटती सिगार फिरवून पाहिली. धूर सरळ वर. रेघ हलली नाही. आमच्या धंद्यात याला कळस म्हणतात. म्हणजे मी म्हणतो.

दुपारी शेजारच्या हेल्मी रुओनाबाई काठी टेकत आल्या. वय त्र्याऐंशी. कमरेचं हाड बदलल्यापासून बर्फावर त्यांचा पाय ठरत नाही, म्हणून यंदा त्यांनी त्यांची पाखरं मला दिली: पाच माद्या आणि अर्वो. त्यांचा प्रत्येक कोंबडा अर्वोच असतो. हा चौदावा. पहिला अर्वो कोण होता, कोंबडा की माणूस, हे विचारायची गावात कोणाची छाती झालेली नाही. राखाडी पट्ट्यांची ही थोराड जात आधी त्यांच्या आईनं सांभाळली, मग त्यांनी. आता त्या रक्ताचा नर हा एकच उरला आहे.

"वसंतात एखादी खुडूक झाली की तिच्याखाली अंडी बसव," त्या म्हणाल्या. "एवढं एक कर, रॉजर. वर गेल्यावर आई पहिला प्रश्न कोंबड्यांचाच विचारणार आहे."

"काळजी सोडा, हेल्मीबाई. इथे ही माझ्यापेक्षा सुखात राहतील."

त्यांनी आत डोकं घातलं. छपराकडे पाहिलं, कोपऱ्यांकडे पाहिलं. "हवा कुठून येते?"

"येतच नाही!" मी म्हटलं. "तेच तर!"

"हं," त्या म्हणाल्या.

त्या 'हं'मध्ये बरंच कौतुक होतं. जुन्या माणसांना ते बोलून दाखवता येत नाही.

१४ नोव्हेंबर

अर्वो आज पहाटे पाच बाराला आरवला. काल पाच चौदा, परवा पाच अकरा. तक्ता आखला आहे. लिनेटनं विचारलं, "याचं पुढे करणार काय?" माहिती आधी जमवायची असते, तिचं काय करायचं ते नंतर सुचतं. माझ्या आयुष्यात बऱ्याच बाबतींत ते अजून सुचायचं आहे.

५ डिसेंबर

बाहेर थुंकी गोठतेय. आत मात्र गोठणबिंदूच्या वर चार अंश, आणि तेही शेगडीशिवाय, नुसत्या सहा जिवांच्या उबेवर! काचेवरून पाण्याचे ओघळ वाहत होते. दार उघडलं की चष्म्यावर धुकं धरतं, फ्लोरिडात उतरल्यासारखं. (मी फ्लोरिडाला गेलेलो नाही. लिनेट बहिणीबरोबर जाऊन आली. पण तिला चष्मा नाही.)

लिनेट अंडी आणायला गेली ती डोळे पुसतच आली. "आत डोळ्यांना झोंबतंय, रॉजर. छपरातून थेंब पडतायत."

तिला पिसांचं वावडं असणार. एकतीस वर्षांच्या संसारात आज कळलं.

२७ डिसेंबर

लिहायला बसावं असं वाटत नव्हतं. दोन दिवस तक्ता कोरा आहे.

अर्वो आरवत नाही. तुऱ्याची टोकं आधी पांढुरकी झाली, आता काळपट दिसतायत. श्वास घेताना घशात घरघर होते, जुन्या पंपासारखी. लायब्ररीतून तीन पुस्तकं आणली. तिन्हींत लिहिलंय की तुरा असा होतो तो गारठ्यानं. म्हणजे कुठूनतरी गारठा आत येतोय. दीड तास गुडघ्यांवर रांगलो. सापडला चोर! कडीच्या खिळ्याशेजारी पेन्सिलीच्या टोकाएवढं भोक होतं. सिलिकॉन भरलं. एवढ्याशा भोकानं एवढा मोठा कोंबडा आडवा केला, हे गिऱ्हाइकांना सांगण्यासारखं उदाहरण आहे.

हेल्मीबाईंना आत्ता काही सांगायचं नाही. आधी बरा करतो, मग सांगतो. लिनेटला तशी ताकीद दिली. ती म्हणाली, "मी कशाला सांगू? त्यांना कान आहेत."

२९ डिसेंबर

विचित्र प्रकार. सकाळी खिडकीची फोमची पट्टी खाली जमिनीवर, आणि खिडकी दोन बोटं उघडी. रात्रभर! आतलं तापमान गोठणबिंदूच्या खाली पंधरा. माझ्या पायांखालची जमीनच सरकली. खारीचं काम असणार. खारींना फोम आवडतो, घरट्यात घालायला.

नशीब, कालपासून पाण्यात सफरचंदाचं व्हिनेगर सुरू केलं होतं, चमचाभर. त्यानंच निभावलं. अर्वोची घरघर निम्म्यानं कमी, दोन मुठी भरडा खाल्ला. त्या गारठ्यातसुद्धा! आजपासून व्हिनेगर दोन चमचे. पट्टी खिळ्यांनी ठोकली.

३१ डिसेंबर

अर्वो पुन्हा बिघडला. व्हिनेगरची सवय झाली असावी.

१ जानेवारी, शनिवार

नव्या वर्षाचा पहिला सौना, आमची शनिवारची वाफेची अंघोळ. नेहमीप्रमाणे आधी बायका, मग आम्ही. लिनेटचा भाऊ वेन आला होता. बाकावर बसल्या बसल्या त्यानं भिंतीतल्या झरोक्याची फळी सरकवून बंद केली. म्हणे वाफ बाहेर जाते. मी त्याला अर्धा तास फैलावर घेतला. सौना मी स्वतःच्या हातानं बांधलाय, कुठल्या शाळेत न जाता. वाफेला बाहेर वाट नसेल तर हवा कुजते, डोकं जड होतं, लाकूड सडतं, हे आमच्या आजोबांना कळत होतं आणि इंजिनियर होऊन वेनला कळत नाही. तो म्हणाला, "बरं बाबा, उघडली. आता पाणी ओत आणि गप्प बस."

हेल्मीबाई सौना झाल्यावर कॉफीला बसल्या होत्या. सहज विचारल्यासारखं विचारलं, "अर्वोचा आवाज येत नाही हल्ली."

"शहाणा झालाय. सकाळी लोकांना झोपू देतो."

"माझा एकही अर्वो शहाणा निघाला नाही," त्या म्हणाल्या आणि वेलदोड्याच्या पावाचा दुसरा तुकडा घेतला. माझ्याकडे पाहत राहिल्या, मी पुढे काही बोलेन अशा. मी त्यांना हवामान सांगितलं.

त्या गेल्यावर पट्टी तपासून आलो. घट्ट आहे.

४ जानेवारी

पट्टी पुन्हा निघालेली. चारही खिळे उपटून खिडकीच्या चौकटीवर ओळीनं मांडून ठेवलेले, टोकं एका दिशेला. खारीला खिळे काढता येत नाहीत हे मला मान्य आहे. पण अस्वलं या दिवसांत झोपलेली असतात.

अर्वो दांडीवर बसलाय आणि घरघर कमी आहे. काल भरड्यात कांदा चिरून घातला होता. कांद्याची सूचना लिनेटची. तिनं कुठे वाचलं ते तिला आठवत नाही. हेल्मीबाईंकडे भांडं परत द्यायला गेली होती, तिथून आल्यावर सुचलं म्हणाली. कधीकधी तिला फार चांगलं सुचतं.

आता पट्टीला स्क्रू. अडीच इंची, दहा.

६ जानेवारी

सकाळी अर्वो दांडीवर नव्हता. खाली भुशात बसला होता, चोच उघडी, डोळे अर्धे मिटलेले. मला पाहून उठला नाही. भुसा हाताला ओला लागला. पाणी सांडलं असेल.

जनावरांच्या डॉक्टरला फोन केला. साठ मैलांवर आहे. "गाय असेल तर येतो," म्हणाला.

अर्वोला कोटाच्या आत छातीशी धरून सौनाच्या बाहेरच्या, कपडे बदलायच्या खोलीत आणला आणि सरपणाच्या टोपलीत गवतावर ठेवला. तिथे शेगडी नाही, पण वारा नाही आणि कोरडं आहे. तुऱ्यावर पेट्रोलियम जेली लावली. चोळायचं नाही असं तिन्ही पुस्तकांत आहे, म्हणून नुसतं टेकवत टेकवत लावलं. त्याचं वजन मला साडेआठ पौंड माहीत होतं. कोटात ते कुठेच लागलं नाही. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. तेरा अर्वो हेल्मीबाईंनी म्हातारे होईपर्यंत सांभाळले. चौदावा माझ्याकडे दोन महिने टिकतोय की नाही अशी वेळ आणली मी. तीन पुस्तकं, एक तक्ता आणि व्हिनेगर.

आज एवढंच.

८ जानेवारी, शनिवार

हे सगळं नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मला ते बदलून सांगता येणार नाही.

अर्वो टोपलीत, आणि आज शनिवार. हेल्मीबाई चारला टॉवेल घेऊन सौनाला येणार. एकोणीस वर्षांत आमचा शनिवार चुकलेला नाही. माझे वडील वारले त्या आठवड्यातसुद्धा नाही. दुपारी मी त्यांना फोन करून सांगितलं की धुराड्याचा पाइप तडकलाय, सौना रद्द. लिनेट शेजारीच भांडी पुसत होती. तिनं ताटली खाली ठेवली आणि म्हणाली, "अरे, निदान आधी विस्तव तरी विझवायचास."

चारला दारावर काठी वाजली.

"पाइप छान तडकलाय," हेल्मीबाई म्हणाल्या. "धूर सरळ वर जातोय." आणि मला बाजूला सारून सौनाकडे निघाल्या. मी मागून "हेल्मीबाई, बर्फ आहे, पाय जपून, हेल्मीबाई!" करत. बर्फावर त्यांच्यापेक्षा मीच दोनदा घसरलो.

टोपली बाकावर होती. त्यांनी टॉवेल खुंटीला लावला, बसल्या, अर्वोला मांडीवर घेतला. कान त्याच्या पाठीला लावला. चोच उघडून आत पाहिलं. काळ्या टोकांवरून बोट न लावता हात फिरवला. मी माझं भाषण सुरू केलं. गारठा, पेन्सिलीएवढं भोक, खार.

"झोपतो कुठे हा?" मध्येच त्यांनी विचारलं.

"इथे. परवापासून. त्याआधी खुराड्यात."

"चल."

खुराड्याचं दार त्यांनी स्वतः ओढलं. पट्टी इतकी घट्ट की ते सुस्कारा टाकून उघडलं. आत एक पाऊल टाकलं आणि त्यांचा चष्मा आंधळा झाला. त्यांनी तो काढून पुसला नाही. तशाच उभ्या राहिल्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं रडतायत. मग माझ्याही डोळ्यांतून वाहायला लागलं, आणि मी काही रडत नव्हतो. छपराला आतून बोटभर जाड बर्फ धरलं होतं, भिंती ओल्या. हे सगळं मी रोज पाहत होतो. रोज, तापमान वाचायला!

"रॉजर," त्या म्हणाल्या, "तुझ्या सौनाला तू नाक ठेवलंस ना?"

"झरोका. हो. सौनाला लागतोच. वाफेला बाहेर..."

आणि मी थांबलो. आयुष्यात फार वेळा वाक्याच्या मध्ये थांबलेलो नाही. सवय नव्हती, जीभ तशीच बाहेर राहिली.

"कोंबडी रात्रभर श्वास सोडते," त्या म्हणाल्या. "हगते. सगळं पाणीच. ते पाणी जाणार कुठे? तुऱ्यावर बसतं आणि गोठतं. थंडीनं कोंबडी मरत नाही रे. पिसांचा कोट आहे तिला. ओलीनं मरते."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"पहिल्या दिवशी विचारलं की. तू म्हणालास, तेच तर." त्यांनी आता चष्मा पुसला. "मग वाटलं, येईल विचारायला. वाट पाहिली. ती माझी चूक. अभिमानाची दोन घरं शेजारी असली की मधला कोंबडा मरतो."

मागून लिनेट आली. हातात माझा स्क्रूड्रायव्हर. मी त्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग खिडकीकडे.

"खार," मी म्हटलं.

"दहा स्क्रू होते," ती म्हणाली. "अंगठा सुजला माझा. सहावर थकले."

"मला सांगायचंस ना!"

"तीनदा सांगितलं, रॉजर. तू समजावून सांगत होतास."

सौना झाला. आधी बायका. झरोका उघडा ठेवून.

९ जानेवारी

सकाळी नऊला ड्रिल घेतलं. माझ्याच भिंतीला, माझ्याच हातानं, वळचणीखाली चार इंची भोकं, दोन्ही बाजूंना चार-चार, एकूण आठ. बिऱ्हाड वाऱ्यावर सोडतोय असं वाटलं. पहिलं भोक पडलं तेव्हा ग्लासवूलमधून पाणी ठिबकलं. माझं साडेतीन इंची ग्लासवूल! चिंब स्पंज झालं होतं. जाळी लावली, ओला भुसा तेरा घमेली बाहेर काढला. संध्याकाळी आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा जेमतेम दोन अंश जास्त. माद्या दांडीवर फुगून, एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, आणि मी लाजेनं वाकून आत पाहिलं तर त्या माझ्याकडे अजिबात पाहत नव्हत्या. वास नव्हता.

१६ जानेवारी

छपराच्या आतलं बर्फ सुकून गेलं. अर्वो टोपलीतून उतरला, सौनाच्या पायरीवर हगला. हेल्मीबाई रोज सकाळी काठी टेकत येतात, त्याला कोमट भरड्यात उकडलेलं अंडं कुस्करून देतात. कोंबड्याला अंडं? मी तोंड उघडलं होतं. मिटलं. सराव करतोय.

२ मार्च

अर्वो खुराड्यात परतून महिना झाला. तुऱ्याची टोकं गळून पडली. आता तो तुरा कमी आणि दाढ काढलेली हिरडी जास्त दिसतो. आवाज आला आहे, पण शेवटचा सूर लागत नाही. गंजलेल्या बिजागरीसारखा मध्येच तुटतो. लिनेटला तो माझ्या गाण्याची आठवण करून देतो.

पण हेल्मीबाईंनी आज सांगितलं ते मला माहीत नव्हतं, तिन्ही पुस्तकांत असूनही. इतका गारठा खाल्लेला नर कधीकधी माद्यांवर चढतो, पण अंड्यात जीव धरत नाही. काही उन्हाळ्यापर्यंत सुधारतात. काही कधीच नाही.

"मग कळणार कसं?"

"अंडी बसवून," त्या म्हणाल्या. "आणि आठवडाभर गप्प बसून. ते तुला जमेल का बघ."

२३ एप्रिल, शनिवार

करडी मादी खुडूक होऊन तीन दिवस झाले. हात घातला की चोचीनं फोडते. अकरा अंडी बसवली, पेन्सिलीनं आकडे घालून. तारखा लिहिल्या. मग काय करायचं तेच सुचेना, म्हणून सरपण फोडलं. जूनपर्यंत पुरेल एवढं.

गुरुवारी हेल्मीबाईंना म्हटलं, कुणाकडून पट्ट्यांचा दुसरा नर आणून ठेवू का, एखाद वेळेस...  त्या त्यांच्या अंगणातल्या रिकाम्या खुराड्याकडे पाहत बसल्या.

३० एप्रिल, शनिवार

सातवा दिवस. न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी लावून अंधार केला. हेल्मीबाई स्टुलावर, लिनेट टबाच्या कडेला, मी टॉर्च घेऊन उभा. अंडी गरम टॉवेलात.

हेल्मीबाईंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, दुसऱ्याचा त्यांना भरवसा नाही. "तू बघ," म्हणाल्या, "आणि दिसेल तेवढंच सांग. जास्त नको."

पहिलं अंडं टॉर्चवर धरलं. पिवळा उजेड, स्वच्छ, रिकामा. "काही नाही." दुसरं, तिसरं, चौथं तसंच. पाचव्यात सावली वाटली, पण ती माझ्या अंगठ्याची. सहाव्याला लिनेट उठून माझ्या दंडाला धरून उभी राहिली. हेल्मीबाई हातातल्या काठीच्या मुठीवर अंगठा घासत होत्या, एका लयीत. मला त्यांची माफी मागायची होती आणि अंधारात सोपं जाईल असं वाटलं, पण हातात सातवं अंडं होतं.

"रॉजर?"

मी ते टॉर्चवर धरलं. मोठ्या बाजूला लाल धागे होते. एका ठिपक्यापासून चहूकडे पसरलेले. आणि तो ठिपका हलत होता.

"काय आहे? नीट सांग!"

"माहीत नाही," मी म्हटलं. "म्हणजे... मुळं आहेत. लाल. मध्ये काहीतरी आहे. ते हलतंय."

"कसं हलतंय?"

"घाईनं."

हेल्मीबाईंनी हात पुढे केला. मी अंडं त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं नाही, गालाला लावलं. बराच वेळ. मग म्हणाल्या, "ठेव परत, गार होतंय. पुढचं बघ."

आठव्यात होतं. दहाव्यात होतं. नववं आणि अकरावं रिकामं. अकरात तीन. मी दोनदा तपासली, लिनेटनं एकदा, मग हेल्मीबाई म्हणाल्या की आता पुरे, ही अंडी आहेत, नाणी नाहीत.

अंडी कोंबडीखाली परत ठेवून आम्ही बाहेर आलो. बर्फ आता फक्त उत्तरेच्या कुंपणाखाली उरलंय. हेल्मीबाई कुंपणाला टेकल्या.

"तीनच," मी म्हटलं. "माझ्यामुळे."

"आईनं दोघांवर सुरुवात केली होती," त्या म्हणाल्या. "यात नर निघाला तर तो मला दे. आणि उन्हाळ्यात अर्वो सुधारला तर त्याच्या पुढच्या पिल्लांतल्या दोन माद्या. माझं खुराडं रिकामं आहे."

"पण तुमचा पाय, हेल्मीबाई? थंडीत बर्फ..."

"पाय माझा आहे. दाणा टाकायला तू येशील."

आम्ही तिघं त्यांच्या खुराड्याकडे पाहत उभे राहिलो. सत्तर वर्षांच्या जुन्या फळ्या, एकमेकींपासून इतक्या दूर की पलीकडचं गवत दिसतं. छप्पर एका बाजूला वर उचललेलं. दार तर नुसतं दोरीनं बांधलेलं. वारा त्यातून सरळ जातो, दार न ठोठावता.

मी तोंड उघडलं.

दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, छान आहे.